एक हात स्टेअरिंगवर, एक गियरवर : मशीनला न दुखावता जग जिंकणारा शेतकरी जिम क्लार्क

तारीख ९ जून १९६३. ठिकाण बेल्जियममधलं स्पा.

त्या काळी स्पाचा ट्रॅक म्हणजे जंगलातून आणि गावांमधून जाणारा साधा सार्वजनिक रस्ता होता. एक फेरी १४ किलोमीटरची. कडेला घरं, विजेचे खांब, झाडं आणि तारांची कुंपणं. फॉर्म्युला वनच्या गाड्या त्यावरून २५० च्या वेगाने पळायच्या.

शर्यत निम्म्याच्या पुढे गेली आणि आभाळ फाटलं. असा पाऊस की समोरचं दिसेना. कॉलिन चॅपमन हा लोटस टीमचा मालक. त्याचा ड्रायव्हर सगळ्यात पुढे होता, तरी शर्यत थांबवा म्हणून त्याने आयोजकांकडे धाव घेतली. कोणी ऐकलं नाही.

इकडे त्या पुढच्या गाडीत वेगळंच संकट उभं राहिलं होतं. सगळ्यात वरचा गियर टिकत नव्हता. टाकला की निसटून न्यूट्रलमध्ये यायचा. पाण्याने भरलेल्या रस्त्यावर भर वेगात गियर निसटला तर गाडी कुठल्या कुठे जाईल याचा नेम नाही.

ड्रायव्हरने काय केलं? एका हाताने गियरचा दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवली. लांब सरळ रस्ता आला की प्रत्येक फेरीत हेच.

त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी ग्रॅहम हिल मागे दुसऱ्या क्रमांकावर होता. सतराव्या फेरीला हिलचाही गियरबॉक्स गेला आणि तो शर्यतीबाहेर पडला. निसटणाऱ्या गियरची गाडी मात्र शेवटपर्यंत पोहोचली आणि जिंकली. दुसऱ्या आलेल्या ब्रूस मॅक्लारेनच्या पुढे किती? तब्बल ४ मिनिटं ५४ सेकंद.

ही गाडी चालवणाऱ्याचं नाव जिम क्लार्क. वय २७. व्यवसाय विचारला तर तो शेतकरी असंच सांगायचा.

चार बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा

जेम्स क्लार्कचा जन्म ४ मार्च १९३६ चा, स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या किलमनी गावचा. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. १९४२ मध्ये कुटुंबाने इंग्लंडच्या सीमेजवळच्या चर्नसाइड गावाशेजारी एडिंग्टन मेन्स नावाची शेती घेतली. मेंढ्या, गुरं आणि धान्य असा कारभार.

पोरगा बोर्डिंग शाळेत शिकायला गेला, पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली. घरातली दोन कर्ती माणसं, आजोबा आणि काका, थोड्याच काळात गेली होती आणि शेताला हात हवे होते.

गाडी चालवायला तो शेतावरच शिकला. ट्रॅक्टरवर हात लहानपणीच बसला. त्या काळचे ट्रॅक्टर म्हणजे काय प्रकरण होतं हे जुन्या माणसांना विचारा. चालत्या ट्रॅक्टरचा गियर जबरदस्तीने बदलायला गेलं की आतून असा आवाज यायचा की मालक घराबाहेर पळत यावा. दाते मोडले की खर्च, आणि पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर खर्चापेक्षा मोठं नुकसान. शेतातलं यंत्र सांभाळूनच वापरावं लागतं, कारण उद्या सकाळी तेच पुन्हा लागणार असतं.

घरच्यांना शर्यतीचा नाद अजिबात पसंत नव्हता. एकुलता एक मुलगा आणि एवढी मोठी शेती, त्यांचंही चुकीचं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला जिम गावाकडच्या छोट्या रॅली करायचा आणि घरी फार बोलायचा नाही.

१९५६ मध्ये उत्तर स्कॉटलंडमधल्या क्रिमंड इथे तो पहिल्यांदा ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरला. गाडी त्याच्या मित्राची, इयन स्कॉट-वॉटसनची. मॉडेल डीकेडब्ल्यू. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली छोटी जर्मन गाडी.

या गाड्यांमध्ये एक गंमत होती. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चाकांच्या जोरावर फिरत राहिलं तर पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही, आणि इंजिन कोरडं घासतं. म्हणून अशा गाड्यांना फ्रीव्हील असायचं. सायकलचे पॅडल थांबवले तरी चाक फिरत राहतं, तशीच सोय. पाय काढला की इंजिन मोकळं. इंजिन ब्रेकिंग जवळपास नाहीच, सगळा भार ब्रेकवर.

चॅपमनची गाडी : हलकी, वेगवान आणि नाजूक

१९५८ च्या नाताळात ब्रँड्स हॅच ट्रॅकवर क्लार्क लोटस एलिट गाडी घेऊन उतरला. समोर तशाच गाडीत खुद्द लोटसचा मालक कॉलिन चॅपमन होता. मालकाने शर्यत जिंकली खरी, पण बऱ्याच वेळ पुढे कोण होतं हे त्याने पाहिलं होतं. मेंढपाळाच्या कुटुंबातल्या या लाजाळू पोराला त्याने हेरून ठेवलं.

६ जून १९६० ला नेदरलँड्समधल्या झँडवूर्ट इथे क्लार्कने फॉर्म्युला वनमध्ये पाऊल ठेवलं. दोनच आठवड्यांनी स्पामध्ये त्याची दुसरी शर्यत झाली. त्या एका दुपारी दोन तरुण ड्रायव्हर मेले. ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्कचाच सहकारी अॅलन स्टेसी. क्लार्क त्या शर्यतीत पाचवा आला, पण ब्रिस्टोचा अपघात झाला त्या जागेवरून त्याची गाडी गेली होती. तिथे पाहिलेलं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. स्पाचा त्याला कायम तिटकारा राहिला. आणि याच स्पात त्याने पुढे १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं शर्यत जिंकली.

१९६१ मध्ये इटलीतल्या मोन्झाला त्याच्या गाडीचा आणि फेरारीच्या वोल्फगांग फॉन ट्रिप्सचा धक्का लागला. फॉन ट्रिप्स आणि त्याच्यासोबत १५ प्रेक्षक ठार झाले. क्लार्क वाचला, पण पुढे बराच काळ चौकशीचं सावट त्याच्यावर होतं.

अशा जगात चॅपमन गाड्या बनवत होता. त्याचं सूत्र होतं वजन कमी करणं. जिथे जाड पट्टी लागेल तिथे पातळ, जिथे दोन बोल्ट लागतील तिथे एक. १९६२ ची लोटस २५ ही त्याची कमाल होती. तिला नळ्यांचा सांगाडाच नव्हता. पत्र्याच्या खोक्यासारखी घडण हाच तिचा सांगाडा. ड्रायव्हर तिच्यात जवळपास झोपून बसायचा. गाडी वाऱ्यासारखी पळायची, पण सतत काही ना काही तुटायचं.

अशा नाजूक गाडीला हळुवार हाताच्या माणसाची गरज होती, आणि तो माणूस चॅपमनला सापडला होता.

गियर खाली आणताना आत नक्की काय होतं?

क्लार्कची खरी करामत कळायची असेल तर बॉनेट उघडून आत डोकावावं लागेल. काळजी नको, गणित सोपं आहे.

समजा तुमची गाडी तिसऱ्या गियरमध्ये ५० च्या वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय. पुढे वळण आहे म्हणून तुम्हाला दुसरा गियर टाकायचाय. त्याच ५० च्या वेगाला दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाला समजा ३,००० फेरे घ्यावे लागतात.

तुम्ही क्लच दाबता. अॅक्सिलरेटरवरचा पाय आधीच निघालेला असतो, त्यामुळे इंजिन पडत पडत ९०० फेऱ्यांवर येतं. तुम्ही दुसरा गियर टाकता आणि क्लच सोडता. आता एका बाजूला ९०० वर रेंगाळणारं इंजिन आहे आणि दुसऱ्या बाजूला ३,००० मागणारी चाकं. हा फरक कोणीतरी भरून काढायलाच हवा.

तो भरते क्लच प्लेट. ती दोघांच्या मधे घासते आणि इंजिनाला ओढून ३,००० वर आणते. घासण्यातून उष्णता आणि झीज तयार होते. क्लच झटकन सोडला तर गाडीला गचका बसतो. तो धक्का गियरच्या दात्यांना, शाफ्टला आणि इंजिनाच्या माउंटिंगला जातो. रस्ता ओला असेल तर चाकं क्षणभर अडकून गाडी घसरू शकते. क्लच हळूहळू सोडला तर गचका बसत नाही, पण प्लेट जास्त वेळ घासत राहते.

यावरचा उपाय म्हणजे क्लच दाबलेला असतानाच अॅक्सिलरेटरला एक छोटा टोला देणं. आपल्याकडे याला रेस देणं म्हणतात. इंजिन आधीच ३,००० च्या आसपास आलं की क्लच सोडताना घासायला फारसं काही उरतच नाही. गियर लोण्यात सुरी जावी तसा बसतो.

पण वळणाआधी उजवा पाय तर ब्रेकवर असतो. मग रेस कोण देणार? म्हणून रेस ड्रायव्हर पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवतात आणि त्याच पायाची कड किंवा टाच अॅक्सिलरेटरवर वळवतात. एक पाय, दोन कामं. ब्रेकचा दाब जराही न बदलता ही रेस देता यायला वर्षं जातात.

आता गियरबॉक्सचं. आजच्या गाड्यांमध्ये प्रत्येक गियरला सिंक्रोमेश असतो. १९२८ मध्ये कॅडिलॅकने तो पहिल्यांदा बाजारात आणला. गियर जुळण्याआधी एक पितळी कडी घासून दोन भागांचा वेग सारखा करते, म्हणजे दाते एकमेकांवर आपटत नाहीत. थोडक्यात, गियरबॉक्सच्या आत बसलेला तो एक छोटा क्लचच. दांडा जितका घाईने रेटाल तितकं त्या कडीला कमी वेळात जास्त काम करावं लागतं. कडी झिजली की गियर टाकताना खर्र आवाज यायला लागतो.

क्लच दाबलेला ठेवून दिलेली रेस क्लच प्लेटला वाचवते, या कडीला नाही. कारण क्लच दाबलेला असताना इंजिनाचा गियरबॉक्सशी संबंधच तुटलेला असतो. कडीलाही वाचवायचं तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गियर टाकायचा. जुन्या ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे ड्रायव्हर हेच करायचे. याला डबल क्लच म्हणतात.

आणि एक चूक अशी आहे की तिला माफी नाही. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गियर पडला तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन जागेवर संपतं. आजच्या गाड्यांचा रेव्ह लिमिटर इथे कामाचा नाही, कारण तो फक्त इंधन तोडू शकतो, चाकांचा जोर नाही.

ब्रेक पॅड काढल्यावर मेकॅनिक चक्रावायचे

क्लार्कच्या काळात हे सगळं हाताने आणि पायाने व्हायचं, तेही एका शर्यतीत शेकडो वेळा. मोनॅकोसारख्या गल्लीबोळांच्या ट्रॅकवर तर गियर हजाराहून जास्त वेळा बदलावा लागायचा. प्रत्येक वेळी क्लचचं आणि दात्यांचं थोडंसं नुकसान धरलं तरी शेवटच्या फेरीपर्यंत बेरीज किती होते बघा.

लोटसच्या मेकॅनिकांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. शर्यतीनंतर गाड्या उघडल्या की क्लार्कच्या गाडीचे ब्रेक पॅड आणि टायर सहकाऱ्यांच्या गाडीपेक्षा खूपच कमी झिजलेले असायचे. गाडी तीच, ट्रॅक तोच, आणि जास्त वेगात गेलेला माणूस हाच.

हे जमायचं कसं? बाकीचे ड्रायव्हर वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेकवर उभे राहायचे. क्लार्क थोडा आधी आणि हलका ब्रेक लावायचा, आणि तो दाब हळूहळू कमी करत वळणात शिरायचा. गाडीचं नाक खाली आदळत नसे, त्यामुळे चारही चाकं जमिनीला धरून राहत. गियर एकेक करून, इंजिनाचा आवाज जुळवून खाली यायचे. वेग कमी करायचं काम ब्रेककडे. गियर उतरवायचा तो वळणातून बाहेर पडताना योग्य ताकद हाताशी असावी म्हणून.

बाहेरून बघणाऱ्याला त्याची गाडी सावकाश चालल्यासारखी वाटायची. घड्याळ वेगळंच सांगायचं.

१९६४ मध्ये त्याने हेच साध्या गाडीत करून दाखवलं. लोटस कॉर्टिना म्हणजे खोक्यासारखी दिसणारी चार दारांच्या संसारी गाडीची चुलत बहीण. फोर्डची बॉडी आणि लोटसचं इंजिन. वळणात तिचं आतलं पुढचं चाक हवेत उचललं जायचं आणि क्लार्क तीन चाकांवर वळण काढायचा. त्या वर्षी ब्रिटनची सलून गाड्यांची चॅम्पियनशिप त्याने जिंकली.

१९६३ मध्ये तर त्याने फॉर्म्युला वनच्या १० पैकी ७ शर्यती जिंकल्या आणि पहिल्यांदा जगज्जेता झाला. स्पाची ती एका हाताची शर्यत याच वर्षातली.

जे हाताने सांभाळता येत नाही ते

पण माणूस कितीही जपून चालवो, गाडी शेवटी दुसऱ्याने बनवलेली असते.

१९६२ ची शेवटची शर्यत दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन इथे होती. जिंकली की क्लार्क जगज्जेता. ८२ फेऱ्यांपैकी ६१ पूर्ण, तो आरामात पुढे. तेवढ्यात गाडीतून धूर आला. इंजिनावरचा एक छोटा बोल्ट सैल होऊन पडला होता आणि त्या भोकातून तेल वाहत होतं. क्लार्क गाडी घेऊन परत आला आणि किताब ग्रॅहम हिलला गेला.

१९६४ ला मेक्सिकोत तीच कथा. पुन्हा शेवटची शर्यत, पुन्हा क्लार्क पुढे. शर्यत संपत आली तेव्हा त्याला रस्त्यावर तेलाची रेघ दिसली. दुसऱ्या कोणाचं तेल असेल म्हणून त्याने पुढच्या फेरीत आपली वाट थोडी बदलली. पाहतो तर रेघही बदललेल्या वाटेवर आलेली. तेल त्याच्याच गाडीचं होतं. शेवटून दुसऱ्या फेरीत इंजिन आवळलं आणि जगज्जेता झाला जॉन सर्टीस.

म्हणजे चार वर्षांत चार किताब घेऊ शकला असता असा माणूस तेलाच्या गळतीमुळे दोनवर अडकला. ७२ शर्यतींच्या कारकिर्दीत तो २५ वेळा जिंकला आणि दुसरा आला फक्त एकदा. गाडी टिकली तर तो बहुतेक वेळा पहिला असायचा, आणि नाही टिकली तर रस्त्याच्या कडेला.

पण काही वेळा मरणाऱ्या गाडीलाही त्याने रेषेपार नेलं. जुलै १९६५, सिल्व्हरस्टोन, घरची ब्रिटिश ग्रां प्री. चांगली आघाडी असताना तेलाचा दाब कमी व्हायला लागला. वळणात तेल एका बाजूला सरकलं की काटा शून्याकडे झुकायचा. अशा वेळी इंजिनावर जोर दिला तर बेअरिंग जळणार. क्लार्कने काय केलं? वळणात तो चक्क इंजिन बंद करायचा, गाडी नुसत्या वेगावर सोडून द्यायचा आणि सरळ रस्त्याला लागल्यावर पुन्हा चालू करायचा. फेरीमागून फेरी हिल जवळ येत होता. शेवटी क्लार्क जिंकला तो ३.२ सेकंदांनी.

मे महिन्यात अमेरिका, ऑगस्टमध्ये जग

त्याच १९६५ मध्ये त्याने मोनॅकोची शर्यत सोडून अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० ला जायचं ठरवलं. तिथे तोवर पुढे इंजिन असलेल्या अवजड गाड्याच जिंकत आल्या होत्या. क्लार्कची लोटस मागे इंजिनाची, सडपातळ. ३१ मे ला त्याने २०० पैकी १९० फेऱ्या पुढे राहून शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी २४० किलोमीटरच्या वर. मागे इंजिन असलेल्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि पुढच्या काळात तिथल्या सगळ्या गाड्या तशाच झाल्या.

ऑगस्टमध्ये जर्मनीत त्याने सीझनमधला सहावा विजय मिळवला आणि दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. इंडियानापोलिस ५०० आणि फॉर्म्युला वनचा किताब एकाच वर्षात घेणारा आजवरचा तो एकमेव ड्रायव्हर.

ट्रॅकवर इतका शांत असणारा हा माणूस बाहेर मात्र नखं कुरतडायचा. साधे निर्णय घेतानाही त्याचा गोंधळ उडायचा. भाषणं, फोटो, गर्दी नकोशी व्हायची. लंडनमध्ये असला की धाकट्या स्कॉटिश ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टसोबत एकाच फ्लॅटमध्ये राहायचा. पुढे तीन वेळा जगज्जेता झालेला स्टुअर्ट गाडी हळुवार चालवणं क्लार्ककडूनच शिकल्याचं आयुष्यभर सांगत राहिला.

१९६७ मध्ये मोन्झाला क्लार्कचा टायर पंक्चर झाला आणि तो एक अख्खी फेरी मागे पडला. त्या काळात ही भरून न येणारी पिछाडी होती. त्याने ती भरून काढली आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला. शेवटच्या फेरीत इंधन इंजिनापर्यंत पोहोचेना म्हणून तिसऱ्यावर समाधान मानावं लागलं. १ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत तो पंचविसावी शर्यत जिंकला आणि हुआन मॅन्युएल फांजिओचा २४ विजयांचा विक्रम मागे पडला.

हॉकेनहाइमची झाडं

७ एप्रिल १९६८. जर्मनीतलं हॉकेनहाइम. फॉर्म्युला टूची शर्यत, म्हणजे जगज्जेत्याच्या मानाने छोटीच. थंडी होती आणि रस्ता ओला होता.

पाचव्या फेरीत झाडांमधून जाणाऱ्या एका वेगवान भागात क्लार्कची लोटस अचानक डगमगली, रस्ता सोडून गेली आणि झाडांवर आदळली. रस्ता आणि झाडं यांच्यामध्ये कठडा नव्हता. गाडीचे तुकडे झाले. क्लार्क ३२ वर्षांचा होता.

तपासातून जे सर्वात शक्य कारण पुढे आलं ते होतं मागच्या टायरमधून हळूहळू निघून गेलेली हवा. अशा टायरची भर वेगात रिमवरची पकड सुटते. तिथे पायांची कसरत, हाताचा हलकेपणा, इंजिनाचा जुळवलेला आवाज, कशाचाच उपयोग होत नाही.

ही बातमी इतर ड्रायव्हरना वेगळीच लागली. अपघातात कोणी गेलं की ते मनाशी म्हणायचे, त्याची काहीतरी चूक झाली असेल. क्लार्कच्या बाबतीत ते म्हणता येईना. ज्याच्या हातून चूक होत नाही त्याला झाड मारू शकतं, तर कोणालाही मारू शकतं. सुरक्षेसाठी भांडणाऱ्या जॅकी स्टुअर्टला पुढच्या वर्षांत ड्रायव्हरांची साथ वाढत गेली. हॉकेनहाइमला कठडे बसले, वेग कमी करायला वळणं घातली गेली आणि त्यातल्या एकाला क्लार्कचं नाव मिळालं.

त्याचा हात आपल्या गाडीला

क्लार्कसारखं चालवणं कोणाला जमणार नाही आणि रस्त्यावर तसं चालवायचंही नसतं. पण त्याने सांभाळलेली काटकसर रोजच्या गाडीलाही लागू पडते.

सिग्नल दिसला की चौथा, तिसरा, दुसरा, पहिला असे सगळे गियर घाईघाईने उतरवत थांबायची गरज नसते. गियरमध्येच ब्रेक लावत या आणि इंजिन अडखळायला लागण्याआधी क्लच दाबा. पुढे जायचंच असेल तेव्हा वेगाला साजेसा गियर टाका. ब्रेक पॅड तासाभरात बदलून होतात. क्लच प्लेट बदलायची तर गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो. कोणाला जास्त झिजवायचं हे तुम्हीच ठरवा.

घाट उतरताना मात्र हिशोब बदलतो. तिथे नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापून काम करेनासे होतात. उताराला लागण्याआधीच खालचा गियर टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरून ठेवू द्यायची. एकदा गियर नीट बसला आणि पाय क्लचवरून निघाला की इंजिन ब्रेकिंगमध्ये क्लच घासत नाही. झीज होते ती गियर जोडतानाच्या त्या एका क्षणात, आणि तो क्षण एका छोट्या रेसने सांभाळता येतो. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

जिम क्लार्कला चर्नसाइडच्या चर्चजवळ, त्याच्या शेतापासून थोड्याच अंतरावर पुरलं. जवळच्या डन्स गावात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे करंडक आहेत, गाड्या आहेत, फोटो आहेत. थडग्याच्या दगडावर १९६३ आणि १९६५ चे दोन्ही जगज्जेतेपद कोरलेत, इंडियानापोलिसही कोरलंय. पण त्या सगळ्याच्या आधी त्याचा व्यवसाय लिहिलाय. शेतकरी, एडिंग्टन मेन्स.